आधी टायर, मग रबर, मग शॉकअप

प्रश्न: माझी महिंद्रा-रेनॉ लोगन डिझेल २००९ची आहे. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले, इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे विकायला मन धजत नाही. पण अलीकडे गाडी फार आदळते. पत्नीला कमरेच्या मणक्याचा त्रास आहे. मुलगी पुण्याला असल्याने नाशिक-पुणे फेऱ्या होतात, अधूनमधून वणीला गडावर जातो. निफाडहून गव्हाची पोती आणताना मागची बाजू बसते आणि गतिरोधकावर दण्णकन टेकते. पुढून डावीकडून खडखड येते. द्वारकेजवळचे मेकॅनिक म्हणतात, चारही गॅसचे शॉकअप टाका. ॲक्सेसरीवाला म्हणतो, स्प्रिंगमध्ये रबराचे बफर बसवा. पुण्याचा पुतण्या परदेशी ॲडजस्टेबल किट मागवू म्हणतो. धाकट्याने हौसेने १५ इंची अलॉय आणि १९५/५५चे टायर बसवलेत. टायर २०१७चे आहेत, पण नक्षी भरपूर आहे. मी ओझरला एचएएलमधून निवृत्त झालो, तांत्रिक भाषा समजते. गाडी पुन्हा मऊ चालावी म्हणून नेमकं काय घ्यावं?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

काका, सप्रेम नमस्कार.

तिघांनी तीन वस्तू सुचवल्या, पण तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तिघांच्याही नजरेतून निसटलेली दिसते. ती ओळ टायरांची. शॉकअप कितीही भारी आणले तरी या टायरांवर काकूंच्या कमरेला आराम पडायचा नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

लोगन कारखान्यातून १८५/७० आर१४ मापाच्या टायरांवर येत असे. त्यातला ७० म्हणजे रुंदीच्या सत्तर टक्के उंची. १८५चे सत्तर टक्के, साधारण १३० मिलिमीटर. रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये एवढी जागा होती. आता १९५चे पंचावन्न टक्के करा. १०७ येतात. बावीस मिलिमीटर गेले. खड्ड्याची कड, डांबराचं ठिगळ, उड्डाणपुलावरचे जोड, असले बारीक आणि तीव्र धक्के शॉकअपकडे पोहोचण्याआधी टायरच्या भिंतीने गिळायचे असतात. त्या भिंतीचाच सहावा हिस्सा चिरंजीवांनी कापून टाकला.

एवढ्यावर भागत नाही. पूर्ण चाकाचा व्यास ६१५ मिलिमीटरवरून ५९५च्या आसपास आला, म्हणजे गाडी जवळजवळ एक सेंटीमीटर जमिनीकडे सरकली. स्पीडोमीटरही आधीपेक्षा तीनेक टक्के पुढे पळत असणार, ते वेगळंच. गतिरोधकावर टेकण्यातला एक सेंटीमीटर तर इथेच सापडला. शिवाय मापानंतर टायरवर एक छोटा आकडा छापलेला असतो, तो भाराचा. १८५/७० आर१४वर सहसा ८८ असतो, त्याचा अर्थ एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर१५वर सहसा ८५, म्हणजे ५१५ किलो. गव्हाची पोती वाहणाऱ्या गाडीला दर चाकामागे पंचेचाळीस किलो कमी पेलणारे टायर बसवले गेले आहेत. तुमच्या टायरवरचे आकडे एकदा स्वतः वाचून घ्या.

आणि वय. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, हा हिशेब रोज पळणाऱ्या गाडीला लागू पडतो. महिन्यातून मोजक्या फेऱ्या करणाऱ्या, उरलेला काळ उन्हात उभ्या असणाऱ्या गाडीचं रबर नक्षी झिजण्याआधीच कडक होतं. भिंतीवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे १७ असेल तर मी ते टायर आरामासाठीच नव्हे, पुण्याच्या रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठीही काढून टाकीन.

माझा सल्ला सरळ आहे: मूळच्या १४ इंची लोखंडी रिम माळ्यावर असतील तर उतरवा आणि १८५/७० आर१४चे चार नवे टायर घाला. रिम विकून टाकल्या असतील तर जुन्या मिळतात, फक्त वाकलेल्या नाहीत ना हे बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून बघा. चिरंजीव अलॉयवर अडून बसलेच तर तडजोड म्हणून १९५/६० आर१५ चालेल. त्याचा व्यास मूळच्या मापाशी जुळतो आणि भिंत ११७ मिलिमीटर मिळते. पण ती तडजोडच. सिएटचा कारखाना आपल्या सातपूरला आहे म्हणून सिएटच घ्या, असं मी म्हणणार नाही. कोणत्याही चांगल्या कंपनीचा, तारीख ताजी असलेला टायर घ्या, आणि दुकानदाराला ‘कार आरामात चालवायची आहे’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो ‘दणकट भिंतीचा’ म्हणून टॅक्सीवाल्यांसाठी ठेवलेला टायर पुढे करील.

हवा दारावरच्या किंवा टाकीच्या झाकणावरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे, गाडी थंड असताना भरा. पंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय पस्तीस-छत्तीस भरून मोकळा होतो आणि मालक सहा महिने मेकॅनिकला शिव्या देतो. नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ चालत नाही. दाब तोच तर धक्का तोच.

नवे टायर घालून आठ दिवस गाडी नेहमीच्या रस्त्यांवर फिरवा, मगच पुढच्या खर्चाचा विचार करा. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात खणलेले रस्ते शोधायला लांब जावं लागणार नाही. उरलेला त्रास सस्पेन्शनचा असं तेव्हा खात्रीने म्हणता येईल.

आता गॅस. हा शब्द ऐकला की माणसाला वाटतं गाडी हवेवर तरंगणार. तुम्ही ओझरला होतात, त्यामुळे तुम्हाला समजावणं सोपं आहे. मिग किंवा सुखोईच्या लँडिंग गिअरच्या पायात तेलही असतं आणि दाबाखालचा नायट्रोजनही. तिथे विमानाचं वजन नायट्रोजनच पेलतो आणि तेल बारीक भोकांतून ढकललं जाऊन धक्क्याची ताकद जिरवतं. मोटारीत वजन पेलायला वेगळी स्प्रिंग आहे. शॉकअपचं काम फक्त दुसरं, म्हणजे जिरवण्याचं. तुमच्या मेकॅनिकच्या गॅस शॉकअपमध्ये गॅस असतो तो थोड्या दाबाचा, तेलाच्या वरच्या भागात. खराब रस्त्यावर शॉकअपचा दांडा भराभर वर-खाली होतो तेव्हा तेलात फेस होतो, आणि फेसाळलेलं तेल भोकातून सुटकन निसटतं. गॅसच्या दाबामुळे तो फेस धरत नाही. म्हणजे पुण्याला जाताना पहिल्या तासात शॉकअप जसा वागला तसाच तिसऱ्या तासातही वागावा, एवढाच त्याचा उपयोग. तो चांगला उपयोग आहे, पण त्याने गाडी जास्त मऊ होत नाही.

दुकानात दुसराही एक प्रकार ‘गॅसचा’ म्हणूनच विकला जातो, एकाच नळीचा, ज्याला मोनोट्यूब म्हणतात. त्यात दाब पंचवीस बारच्या आसपास असतो आणि तो दाब अडवायला सील घट्ट आवळलेलं असतं. वेगात चालवणाऱ्याला तो आवडतो. पण बारीकसारीक खडबडीवर त्या घट्ट सीलमुळे दांडा चटकन हलत नाही आणि थरथर थेट आत येते. तुम्हाला दोन नळ्यांचा, कमी दाबाचा हवा. खरेदी करताना हा एक प्रश्न विचारलात तरी दुकानदार तुमच्याशी जरा जपून बोलेल.

पुतण्याच्या किटबद्दल. कोनी, बिल्स्टीन ही नावं खोटी नाहीत, मोठी आहेत. पण स्क्रू फिरवून उंची बदलणारी किट बहुतेक वेळा गाडी खाली बसवायला आणि वळणावर ताठ ठेवायला बनवतात. स्प्रिंग कडक, खेळायला जागा कमी. ‘ॲडजस्टेबल आहे, मऊ करून घेऊ’ असं तो म्हणेल. स्क्रूने शॉकअप सैल करता येतो, स्प्रिंगचा कडकपणा जात नाही. कडक स्प्रिंगवर सैल शॉकअप म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

इथे काकूंच्या कमरेचं गणित सांगतो, कारण निवड शेवटी त्यावर ठरते. बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या कंपनांना सेकंदाला चार ते आठ वेळा या पट्ट्यात सर्वांत हळवं असतं. शरीराला होणारी कंपनं मोजण्याचं आयएसओ २६३१ हे मानक याच समजुतीवर उभं आहे, आणि कमरेचा मणकाही याच पट्ट्याच्या खालच्या टोकाला जास्त डोलतो. गाडीचं धड स्प्रिंगवर सेकंदाला एक ते दीड वेळा हलतं. चाक स्वतः दहा-पंधरा वेळा थरथरतं. म्हणजे माणसाला सर्वांत त्रास देणारा पट्टा या दोहोंच्या मधे पडतो. शॉकअप जितका कडक, तितकी याच मधल्या पट्ट्यातली कंपनं रस्त्यावरून सीटपर्यंत पोहोचतात. म्हणून ‘हेवी ड्यूटी टाका, टिकतील’ हा सल्ला तुमच्या घरासाठी चुकीचा. टिकतील, पण काकू टिकल्या पाहिजेत.

दुसऱ्या टोकाला झिजलेला शॉकअप आहे. तो धक्का आत सोडत नाही, पण गाडीला पाळण्यासारखी डोलत ठेवतो, एका उंचवट्यानंतर दोन-तीन झोके. त्याने कमर नाही तरी पोट ढवळतं, आणि सिन्नरच्या पुढे वेगात असताना अचानक ब्रेक मारावा लागला तर चाकं रस्ता धरून राहत नाहीत. दोन्हींच्या मधला बिंदू कुठे आहे हे या वजनाच्या, या स्प्रिंगच्या गाडीसाठी एकदा कुणीतरी रस्त्यावर महिनोन्‌महिने फिरवून ठरवलेलं आहे. ते कोण, तर गाडीची कंपनी.

आणि ही कंपनी आरामाच्या बाबतीत साधी नव्हती, बरं का. रेनॉने लोगन २००४मध्ये रुमानियात डाशियाच्या नावाने आणली ती तिथल्या यथातथा रस्त्यांसाठीच. २००७मध्ये आपल्याकडे आली आणि बनू लागली ती आपल्या नाशकात. दिसायला खोक्यासारखी म्हणून लोक हसले, पण २,६३० मिलिमीटरचा लांब व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, उंच भिंतीचे टायर, लांब खेळणारं सस्पेन्शन यामुळे खराब रस्त्यावर तिच्या किमतीतल्या फार थोड्या गाड्या तिच्यासारख्या चालत. टॅक्सीवाल्यांनी ती उगीच डोक्यावर घेतली नव्हती. तेव्हा तुमच्या गाडीत आराम बाहेरून आणून घालायचा नाही. तो मूळचाच आहे, फक्त झिजलेल्या आणि बदललेल्या भागांखाली दबलाय.

म्हणून घ्यायचे ते मूळ मापाचे. महिंद्राच्या स्पेअर काउंटरवर चेसिस नंबर देऊन मागा. पुढे याच गाडीचं नाव वेरिटो झालं, त्यामुळे डब्यावर वेरिटो लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका, पण डिझेल आणि पेट्रोलच्या पुढच्या बाजूचं वजन वेगळं असतं, म्हणून भाग नंबरावरूनच जुळवा, ‘लोगनचाच आहे साहेब’ यावर नको. काउंटरवर मिळाला नाही तर गॅब्रिएल, मन्रो किंवा केवायबी यांच्या यादीत तुमच्या गाडीचं नाव असलेला साधा शॉकअप चालेल. गॅब्रिएलचा कारखानाही नाशकातच आहे, हे जाता जाता. बिल घ्या, डब्यावरची किंमतपट्टी आणि शिक्का बघा, नकली माल या धंद्यात भरपूर आहे. जुना शॉकअप उघडून, तेल भरून, वेल्डिंग मारून देणारे असतात, त्यांच्याकडे जाऊ नका. भंगारातून काढलेले तर नकोच.

चारही बदलायचे का? एक लाख चाळीस हजारांत कधीच बदलले नसतील तर हो. पूर्वी बदलले असतील तर जुनं बिल शोधा आणि एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदला, एकटा डावा किंवा एकटा उजवा कधीच नाही. बोनेट दाबून सोडून बघायची परीक्षा सगळ्यांना माहीत असते. त्यात गाडी दोनदा-तीनदा झुलली तर शॉकअप नक्की गेलेला, पण लगेच थांबली म्हणजे चांगला आहे असं नाही, कारण जोडांमध्ये बसवलेले रबरी बुश जाम झाले तर तेसुद्धा गाडी थांबवून धरतात. अंगावर तेलाचा ओघळ दिसला तर संपला विषय. नुसती पुसट ओल आणि तिच्यावर धूळ असेल तर घाबरू नका.

तुमची खडखड मात्र बहुधा शॉकअपची नाहीच. अशा वयाच्या गाडीत पुढून येणारा आवाज बहुतेक वेळा रबराकडून आणि जोडांकडून येतो. चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) जोड आणि बुश, स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेल्या पुढच्या खांबाच्या) डोक्यावरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग. कान लावून बघा: छोट्या खड्ड्यांवर हळू जाताना ‘टक टक’ असेल तर स्टॅबिलायझरचे जोड. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढच्या कोपऱ्यातून तार छेडल्यासारखा आवाज आला तर वरचं बेअरिंग अडकतंय. ब्रेक मारताना एकदाच ‘ठप’ झालं तर आर्मचे बुश. मेकॅनिकला पहारीने आर्म हलवून दाखवायला सांगा, तुम्ही स्वतः वाकून बघा. रबराला आडवी चीर दिसली की ओळखायचं.

हे रबर म्हणजे आरामाचा अर्धा भाग, आणि बिलात सगळ्यांत स्वस्त ओळी. तरी लोक शॉकअप नवे टाकतात आणि जुनंच माउंटिंग, जुनाच बंप स्टॉपर (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर लोखंड आपटू न देणारा रबरी ठोकळा), फाटकंच डस्ट कव्हर वर चढवतात. स्ट्रट एकदा खाली काढला की मजुरी झालेलीच असते. त्यामुळे दोन्ही बाजूंचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर, कव्हर तेव्हाच नवं टाका. मागे ॲक्सलच्या आडव्या बीमचे दोन मोठे बुश असतात, तेही तपासा. ते चिरले की गाडी उंचवट्यावर शेपटी हलवल्यासारखी मागून सरकते आणि धक्के कोरडे लागतात. कुणी ‘पॉलियुरेथेनचे टाकू, आयुष्यभर जाणार नाहीत’ म्हणालं तर नको म्हणा. ते कडक असतात, आवाज आणि थरथर दोन्ही आत पाठवतात. साधं रबरच हवं.

आता ॲक्सेसरीवाल्याचे बफर. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या मोकळ्या वेढ्यांच्या संख्येवर ठरतो, वेढे कमी तर स्प्रिंग कडक. समजा सहा मोकळे वेढे आहेत आणि दोन वेढ्यांमध्ये रबर कोंबून एक वेढा बंद केला, तर उरले पाच, आणि स्प्रिंग वीस टक्के कडक झाली. पोती असतील तेव्हा मागची बाजू कमी बसेल हे खरं. पण पोती वर्षातून किती वेळा असतात? उरलेले दिवस मागे बसणाऱ्याने ते वीस टक्के सोसायचे. शिवाय रबर जिथे दाबतं तिथल्या वेढ्यावर ताण आणि गंज दोन्ही साचतात. गाडी उंच करण्याचे जाडजूड स्पेसर हा तर कायद्याच्याही दृष्टीने अडचणीचा विषय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि जुन्या गाडीला पासिंगला न्यायचं असतं.

त्यापेक्षा मागची बाजू का बसते ते मोजा. गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीच्या खालच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी टेप लावा. टायर कोणतेही असले तरी हे माप फसवत नाही. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल, किंवा मागचं माप पुढच्यापेक्षा ठळकपणे कमी असेल, तर स्प्रिंग दमल्या आहेत. एखाद्या स्प्रिंगचा खालचा शेवटचा वेढा गंजून तुटलेलाही सापडतो. धुऊन, बॅटरी मारून बघा. दमल्या असतील तर मागच्या दोन नव्या, मूळ नंबराच्या घ्या. मागच्या बंप स्टॉपरचं काय झालंय तेही त्याच वेळी दिसेल. ते झिजून गेले असले की लोखंडावर लोखंड आपटतं, आणि तुमचा ‘दण्णकन’ तोच असू शकतो. मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, त्यामुळे हे काम पुढच्यापेक्षा सोपं.

आणि काका, डिकी ५१० लिटरची आहे म्हणून ती गव्हाने भरायचीच असं नाही. ओझं ॲक्सलच्या मागे गेलं की मागची बाजू जास्त बसते. एक-दोन पोती मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, उरलेली पुढच्या फेरीला. काकू सोबत असतील तेव्हा पोती नकोतच.

बसवण्याबद्दल थोडं बोलतो, कारण चांगला माल वाईट हातांनी वाया जातो, आणि तुम्ही जवळ उभे राहू शकता. पहिलं, आर्मचे आणि मागच्या बीमचे बुश असलेले बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळू द्यायचे नाहीत. आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, मग आवळायचे. लटकत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली आल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो, गाडी कडक लागते आणि सहा महिन्यांत रबर फाटतं. ही एकच गोष्ट पाळली जात नाही म्हणून कितीतरी लोक ‘नवीन टाकूनही फरक पडला नाही’ म्हणत परत येतात. दुसरं, शॉकअपचा चकचकीत दांडा पान्ह्याने किंवा पक्कडीने धरू द्यायचा नाही. बारीक ओरखडा पडला तरी सील कापलं जातं. तिसरं, डबा आडवा पडून असतो, म्हणून बसवण्याआधी शॉकअप उभा धरून हाताने पाच-सहा वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यायचा, म्हणजे आतली हवा जागच्या जागी जाते. पुढची स्प्रिंग दाबून धरायला योग्य अवजार हवं, दोरीने किंवा जुगाडाने स्प्रिंग दाबणाऱ्यापासून तुम्ही आणि तुमची गाडी दोघंही लांब राहा. शेवटी अलाइनमेंट, आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, कारण नवं रबर जरा बसतं.

आवळण्याची गोष्ट द्वारकेच्या मेकॅनिकला आधीच सांगून बघा. ‘हो, तसंच करतो’ म्हणाला तर काम त्यालाच द्या. ‘काही फरक पडत नाही’ म्हणाला तर दुसरा शोधा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगतो. काकू मागे बसत असतील तर पुढे बसवा. मागची सीट जवळपास मागच्या चाकांवर येते, पुढची सीट दोन ॲक्सलच्या मध्याकडे, आणि गाडी पुढेमागे डोलते तेव्हा मध्यावर हालचाल कमी असते. आणि इतक्या वर्षांच्या सीटचा फोम बघा, बसल्यावर खालची जाळी किंवा सळई लागत असेल तर फोम संपलाय. सीटकामवाला कव्हर उघडून नवा फोम भरून देतो. मऊमऊ उशी मात्र ठेवू नका. तिच्यावर शरीर अधिक हेलकावतं. कमरेपाशी आधार हवा तो फिजिओथेरपिस्टला विचारून.

आता विकायचं की ठेवायचं. बाकी काहीही घेण्याआधी बोनेट उघडून दोन्ही बाजूंना स्ट्रटचं वरचं टोक जिथे बॉडीला बोल्टने बसतं तो पत्रा बघा. मग गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या स्प्रिंगच्या बैठका आणि बीम जिथे लागतो त्या जागा. रंग फुगलेला दिसला तर स्क्रू ड्रायव्हरने टोचा. पत्रा खणखणीत असेल तर वरचा सगळा खर्च बिनधास्त करा. पंधरा वर्षं २०२४मध्ये पूर्ण झाली, तेव्हा आरसीचं नूतनीकरण झालेलं असेल तर ती पाच वर्षांसाठी असते, म्हणजे २०२९पर्यंत गाडी तुमची. स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तर एकही शॉकअप घेऊ नका. टायर तेवढे नवे घाला, कारण पुण्याला तर जायचंच आहे, आणि दुसरी गाडी बघायला लागा.